पीएचडी मिळाली, ‘ज्ञ’ अडला

माझ्या वडिलांचं नाव ज्ञानोबा. पासपोर्टवर ते इंग्रजीत डी-एन-वाय असं सुरू होतं, दहावीच्या गुणपत्रिकेवरही तसंच. एमएस्सीच्या पदवी प्रमाणपत्रावर मात्र डी-वाय. एक एन गळाला आणि त्यापायी माझे चौदा आठवडे गेले. ज्यांच्या घरात ज्ञानोबा, ज्ञानेश्वर, प्रज्ञा असतील त्यांनी आधी कपाटातली फाइल काढून बघावी, मग पुढे वाचावं.

निवडीचं उरकून टाकते, ते सरळ झालं. कणभौतिकीतल्या पीएचडीच्या जागा ‘इन्स्पायर’ या संकेतस्थळावर लागतात, जगभरातल्या. मी नऊ अर्ज केले, दोन मुलाखती झाल्या आणि जर्मनीतल्या कार्ल्सरूहला काट्रिन प्रयोगाच्या एका गटात जागा मिळाली. हा प्रयोग न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणाचं वजन काढतो. ट्रिटियम या किरणोत्सारी हायड्रोजनच्या क्षयात न्यूट्रिनोबरोबर सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा फार तर 18.6 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास जाते. न्यूट्रिनोला वजन असेल, तर त्या अगदी वरच्या टोकाला किंचित तूट पडते. ती तूट शोधायची. वजन 0.45 इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा कमीच आहे, एवढं त्यांनी 2025 मध्ये जाहीर केलंय. (हे ऊर्जेचं एकक, पण कणांचं वजनही त्यातच सांगतात.)

मुलाखतीत मोठाली समीकरणं कोणी विचारली नाहीत. माझ्या एमएस्सीच्या प्रकल्पावरच खोदून विचारलं. आकाशातून येणारे म्युऑन नावाचे कण मोजायचा साधा प्रकल्प होता. आपल्या तळहातातून मिनिटाला शंभरेक आरपार जातात. रात्री आठनंतर माझे आकडे उगीच वाढायचे. म्हणून मी एक अख्खी रात्र जागून दर दहा मिनिटांनी व्होल्टेज वहीत टिपलं होतं. दोष लाइटीचा निघाला, आकाशाचा नव्हे. ती शाई फुटलेली वही मी कॅमेऱ्यासमोर धरली, आणि मला वाटतं जागा तिथंच मिळाली. तेव्हा फसलेल्या मोजमापाच्या वह्या रद्दीत घालू नका.

गावात सगळ्यांनी पैशांचंच विचारलं. तिथं पीएचडी म्हणजे नोकरी असते. ई 13 या पगारश्रेणीचा ठरलेला हिस्सा मिळतो, आरोग्यविमा आणि पेन्शन त्यातूनच कापतात. आपल्याकडे नेट-जेआरएफ या सरकारी संशोधनवृत्तीला 2023 पासून महिना 37,000 रुपये आहेत, तेही वाईट नाही. मलाच डिटेक्टरवर हात चालवायचा होता. चुलते म्हणाले, “मग औंढ्यालाच कर की, तिथं सरकार 2600 कोटी घालायलंय.” ते लायगो. आमच्या परभणीहून जवळ आहे खरं, पण तिथं गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशातले तरंग पकडणार, न्यूट्रिनो नव्हे. चुलत्यांना हे अजून पटलेलं नाही.

आता तो एन.

करारासाठी पदवीची साक्षांकित प्रत पाठवली, तर तिकडच्या बाईंनी मेलवर साधं विचारलं, ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची का? मग दुरुस्तीसाठी विद्यापीठ गाठलं, त्याचं नाव घेत नाही. रात्रीची गाडी, सकाळी खिडकी, असा प्रवास होता.

खिडकीतले बाबू म्हणाले, “ताई, वाचायला तर ज्ञानोबाच येतंय. फरक काय पडतो?”

“सर, मग तसं लिहून द्या.”

“लिहून कसं देणार? रेकॉर्डला डी-वाय आहे.”

चलान भरलं, अर्ज दिला. शाळेचा निर्गम उतारा पाहिजे म्हणाले. मी परत गावी. हेडमास्तरांनी उतारा त्याच दिवशी दिला, पण शाळेचं रजिस्टर मराठीत. त्यात सुवाच्य अक्षरात ‘ज्ञानोबा’. त्यावरून स्पेलिंग कसं ठरवणार? दुसऱ्या खेपेला बाबूंनी तो उतारा उलटसुलट करून पाहिला आणि प्रतिज्ञापत्र मागितलं. (दहावीची गुणपत्रिका पहिल्याच दिवशी माझ्या पिशवीत होती. ती चालते, हे तिसऱ्या खेपेला कळलं. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. काय काय लागतं ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्या.) तिसऱ्या खेपेला साहेब प्रशिक्षणाला गेलेले. चौथ्यांदा फाइलच सापडेना. “वर गेलीय,” एवढंच उत्तर. वर गेले, तर “खाली पाठवली.” शेवटी तिथल्या शिपाई मामांनी ती बाबूंच्याच टेबलावरून काढून दिली. वर चहाच्या कपाचा गोल डाग होता, बरोबर माझ्या सहीवर.

त्या बाकावर बसून मला काट्रिनची टाकी आठवायची, इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजायची ती निर्वात टाकी. 2006 साली ती जर्मनीतल्याच डेगेनडॉर्फला तयार झाली. कार्ल्सरूह तिथून 400 किलोमीटरवर. पण 10 मीटर व्यासाची, 200 टनांची टाकी त्या रस्त्यांवर मावेना. मग डॅन्यूबने काळा समुद्र, भूमध्य समुद्र, अटलांटिक आणि ऱ्हाइनने उलट वर, असा जवळजवळ 9,000 किलोमीटरचा वळसा घातला. शेवटच्या गावातून ती घरांच्या मधून सरकतानाचा फोटो पाहिला, तर आमच्याकडे यात्रेत रथ ओढतात तशी गर्दी आहे. तिला निदान लोक बघायला तरी आले होते.

सगळ्यात मोठी चूक मात्र माझीच. एक ऑक्टोबरला रुजू व्हायचं होतं आणि जागा जाईल या भीतीने मी मार्गदर्शकांना दोन महिने काही कळवलंच नाही. शेवटी रात्री अकराला, रडवेल्या इंग्रजीत मेल केला. सकाळी तीन ओळींचं उत्तर आलं: तारीख पुढे घेता येते, जानेवारी चालेल का? मी मोबाइल ओट्यावर ठेवला आणि दूध उतू गेलं.

व्हिसाचं सुरळीत झालं, सांगण्यासारखं काही नाही. हो, एक राहिलंच. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी असतं. ऑनलाइन अर्जात तसंच भराल, तर आडनावच तुमचं नाव होऊन बसेल. पासपोर्ट समोर ठेवूनच भरा.

नवं प्रमाणपत्र मिळालं तेव्हा खिडकीसमोरच उभं राहून एकेक अक्षर वाचलं. मागची रांग कुरकुरली, कुरकुरू दिली. घरी आल्यावर आबांनी चष्मा लावला आणि आपल्या नावाखाली बोट फिरवत इंग्रजी अक्षरं लावली. डी... एन... वाय... मग मान वर करून म्हणाले, “समदं बरोबर असंल गं, पण ह्यात ज्ञ कुठंय?”