आंबोली घाटातला पिवळा दिवा
आज भर पावसात आंबोली घाट उतरताना एका वळणावर गाडीची मागची बाजू हलकेच बाहेर सरकली. पोटात गोळा! तेवढ्यात डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचा पिवळा दिवा लुकलुकला, पायाखाली घर्रघर्र झालं आणि गाडी रेषेत आली.

बायको म्हणाली, "अहो, काहीतरी बिघडलंय!"

बिघडलं नव्हतं. स्टिअरिंग एकीकडे आणि गाडी भलतीकडे, हे सेन्सरना कळलं की ईएससी (गाडी घसरताना सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा), मागची बाजू अशी सरकत असेल तर, वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला एकट्यालाच ब्रेक लावते, इंजिनाचा जोरही काढून घेते. (दिवा सतत पेटून राहिला तर मात्र सिस्टीम बंद आहे किंवा बिघाड.)

संध्याकाळी चिखलात रुतलो, तेव्हा हेच जोर काढून घेणं नडलं. बटण दाबून ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागच्या जागी फिरू लागलं की जोर कमी करणारी यंत्रणा) बंद केलं, तेव्हा कुठे निघालो.

टायर पार गुळगुळीत झालेत, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.