जांभळे डाग

कागद-संवर्धनाच्या कामासाठी येणारे बहुतेक जण एकच सांगतात, डाग तेवढे घालवा. त्या दिवशी आलेल्या काकूंचंही तेच म्हणणं होतं. रेघांची जुनी वही, कडा झडलेल्या, एका पानाला चिकटपट्टी आणि पानोपानी जांभळे ठिपके.

वही त्यांच्या आईची. आईचा थोरला भाऊ मराठा लाइट इन्फन्ट्रीत होता. १९४३च्या अखेरीस इटलीत, सांग्रो नदीच्या लढाईत गेला. घरी कळल्यावर आईनं लिहायला घेतलं, काही विसरायला नको म्हणून. काकूंनी या मामाला कधी पाहिलंच नाही.

मुलानं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदीतून मामाचं नाव शोधून छापून दिलेला कागदही त्यांनी सोबत आणला होता. दहन झालेल्या भारतीय सैनिकांना कबरी नाहीत, सांग्रोच्या दफनभूमीतल्या दहन-स्मारकावर त्यांची नावं आहेत. कागदावर नाव, हुद्दा, पलटण, तारीख. संपलं. आणि वहीत? ‘झोपेत दात खायचा. भुवईवरची खोक माझ्या दगडाची. घरी म्हणाला, झाडावरून पडलो.’

कामाच्या वेळी मजकूर वाचायचा नाही, कागद बघायचा, अशी मी स्वतःला शिस्त लावून घेतली आहे. त्या दिवशी ती मोडली.

एका पूर्णविरामावर ओलसर टीपकागद क्षणभर टेकवला. जांभळा झाला. म्हणजे कॉपिंग पेन्सिल. हिच्या शिशात ग्रॅफाइटबरोबर अ‍ॅनिलिन रंग असतो. कोरडी असताना राखाडी उमटते, पाणी लागलं की जांभळी. असं पान धुतलं तर अक्षरंच वाहून जातात. अल्कोहोलनंही तेच होतं. मग मऊ ब्रशनं धूळ काढली, चिकटपट्टी कोमट पात्यानं तसूतसूनं उचलली, राहिलेला चिकटा क्रेप रबरानं. दुपार त्यातच गेली.

पट्टीखालचं पान भिंगाखाली घेतलं तेव्हा अक्षरांचा रंग सारखा नाही हे दिसलं. ही पेन्सिल गडद उठावी म्हणून लोक टोक जिभेवर ओलं करत. ओलं टोक टेकलं की अक्षर जांभळं, मग तीनचार शब्दांत वाळून राखाडी. ओळीच्या सुरुवातीला जांभळं असेल तर नवल नाही. पण इथं ओळीच्या मधेच, कुठंही, ‘दादा’ हा शब्द आला की जांभळा. त्याच्या आधीचा शब्द फिका. प्रत्येक वेळी हात थांबला होता, टोक जिभेला लागलं होतं आणि मग तो शब्द लिहिला होता. शेवटच्या पानांवर ‘दादा’च्या खाली कागद खरवडल्यासारखा झाला होता, इतका जोर.

संध्याकाळी काकू आल्या. डाग निघणार नाहीत हे सांगायचं होतं. मी काही न बोलता भिंग त्यांच्या हातात दिलं आणि पहिला ‘दादा’ दाखवला. मग दुसरा. तिसरा त्यांनी स्वतःच शोधला. बोट कागदाला न लावता वरून वरून फिरवत त्या पानाच्या तळापर्यंत गेल्या.

“अकरा,” म्हणाल्या. मग पान उलटायला मला खूण केली.