शंभराचा वाटा

मागच्या वर्षी सातवीला मागणी-पुरवठा शिकवला तो असा, की फळ्यावर व्याख्या लिहिली, मुलांनी वहीत उतरवली, पेपरात बरोब्बर लिहिली, झालं. आणि मग महिन्याभराने सहज एकीला विचारलं की काय गं, आज बांगडा एवढा स्वस्त कसा, तर म्हणाली, "बाई, कोळणीने स्वस्त लावला म्हणून." तिची आई स्वतः हर्णैच्या बंदरावर मासे विकायला बसते. ते उत्तर माझ्या मनात वर्षभर खुपत राहिलं.

म्हणून यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर व्याख्या दिलीच नाही. एकच प्रश्न फळ्यावर लिहिला, बांगड्याचा भाव रोज बदलतो का? आठ दिवस बघायचं, विचारायचं, वहीत लिहायचं.

दुसऱ्याच दिवशी अर्धा वर्ग म्हणाला, नाही बदलत, वाटा (विकायला मांडलेला माशांचा ढीग) शंभराचाच असतो. हर्णैजवळच्या पाजपंढरी गावची एक मुलगी, एरवी तोंड उघडत नाही, ती उठून म्हणाली की वाटा शंभराचाच, पण परवा त्यात पाच होते आणि काल आठ. म्हणजे परवा एक बांगडा 20 रुपयांना आणि काल साडेबाराला. उत्तर माझ्या अगदी जिभेवर होतं, पण गप्प बसले, आणि बरं झालं गप्प बसले, कारण मागून एक मुलगा म्हणाला आठवाले बारके असतील, मोजून काय कळणार, वजन करायला हवं. मग खिचडीच्या तांदळाचा काटा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आम्ही बंदरावर नेला. हे मी सांगितलं असतं तर ते गणित झालं असतं, त्याने सांगितलं म्हणून सगळ्यांना वजन करायची घाई झाली.

हर्णैला मोठ्या बोटी बाहेर खोलात उभ्या राहतात, मासळी छोट्या होड्यांतून आणि बैलगाडीतून किनाऱ्यावर येते आणि वाळूतच लिलाव लागतो. मुलांनी बोटी मोजायला सुरुवात केली आणि चार दिवसांत नियम काढला, बोटी जास्त तर भाव कमी. खूश झाली. पाचव्या दिवशी बोटी कमी आणि तरी बांगडा पडेल भावाने गेला! नियम मोडला म्हणून दोघं जण अक्षरशः रागावले. मग त्यांनीच एका तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, गाठून विचारलं, तर कळलं बर्फ आला नव्हता, त्यामुळे बाहेरगावच्या व्यापाऱ्यांनी बोलीच लावली नाही. मासळी कमी, पण घेणारे त्याहून कमी, आणि मासळी काही उद्यापर्यंत थांबत नाही. आंबा आढीत चार दिवस थांबतो, बांगडा बर्फाशिवाय एक रात्र थांबत नाही. ज्याला थांबता येत नाही त्याला मिळेल तो भाव घ्यावा लागतो, हे वाक्य एका मुलाने वहीत स्वतःच्या शब्दांत लिहिलंय, मी त्यातलं ऱ्हस्व-दीर्घसुद्धा सुधारलं नाही.

एक गोष्ट मात्र जपून करावी लागली. कुणीतरी विचारलं की मग दुसऱ्या व्यापाऱ्याला का नाही विकायचं, तर एक मुलगी हळूच म्हणाली, ज्याच्याकडून डिझेलला उचल घेतली त्यालाच द्यावी लागते. वर्ग एकदम शांत झाला. अर्थशास्त्राचा सगळ्यात मोठा धडा तिथेच होता, पण तो कुणाच्यातरी घरातला होता. मी प्रश्न बदलून लिहिला, "एका बोटीवाल्याने उचल घेतली तर त्याचं काय सुटतं आणि काय अडकतं?" नाव नाही, घर नाही. त्यावर मग मुलं अर्धा तास बोलली, तीसुद्धा बोलली. शोधून शिकवायचं तर ही काळजी शिक्षकानेच घ्यायची, मुलांवर सोडायची नाही.

वेळ जातो, खरंय. एका धड्याला आठ दिवस गेले आणि पोर्शन मागे पडला. मला तरी तो सौदा मान्य आहे.

आता वर्गात वाद पेटलाय पावसाळ्याचा. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस यांत्रिक बोटींना बंदी, ती उठली की मासळी येते आणि भाव उतरतो, असं एक गट म्हणतो. दुसरा म्हणतो छे, भाव उतरतो कारण गटारी झाली, श्रावण लागला, लोक खात नाहीत. दोन्ही साधारण त्याच सुमाराला येतं, मग कशामुळे काय झालं हे ओळखायचं कसं? मला विचारलं, मी म्हटलं तुम्हीच सांगा. तर पाजपंढरीच्या त्याच मुलीने कॅलेंडर मागितलं, श्रावण काही दरवर्षी एकाच तारखेला लागत नाही म्हणाली, म्हणजे ज्या वर्षी तो बंदी उठायच्या आधीच लागला आणि ज्या वर्षी उशिरा लागला त्या दोन वर्षांचे भाव शेजारी ठेवून बघायचे. जुने भाव आजीच्या वहीत असतील, मीठ लावून वाळवलेल्या बांगड्याचे तरी नक्की आहेत. शनिवारी ती वही आणणार आहे.