पहिल्या क्रमांकाचे गाणे

रंकाळ्याभोवती संध्याकाळची फेरी मारताना या आठवड्यात मी एक खेळ केला. नेदरलँड्सच्या लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक यादीत २०१७ साली पहिल्या क्रमांकावर पोहोचलेली गाणी क्रमाने ऐकायची, असे ठरवले. वर्षाचे बावन्न आठवडे म्हणजे भरपूर गाणी असतील, ही माझी समजूत होती. प्रत्यक्षात जानेवारीत आलेले एड शीरनचे ‘शेप ऑफ यू’ शिखरावर पोहोचले ते बराच काळ हललेच नाही, आणि उन्हाळ्यात लुईस फोन्सीच्या स्पॅनिश ‘देस्पासितो’ने तीच जागा तशीच अडवून धरली. सोबत चालणाऱ्या काकांना मी कानातला एक बोळा दिला होता, थोड्या वेळाने ते वैतागून म्हणाले, “परत तेच लावलंस व्हय?”

काकांच्या त्या प्रश्नाचे उत्तर मोजणीच्या पद्धतीत आहे. तबकडी विकली जायची तेव्हा एका माणसाची एका गाण्यासाठी एकदाच नोंद होत असे. पुढे त्याने ती घरी शंभर वेळा वाजवली की कपाटात टाकून दिली, याच्याशी यादीला काही देणेघेणे नव्हते. आता मोबाइलवर गाणे पुन्हा पुन्हा ऐकले की ते ऐकणेही हिशेबात येते, त्यामुळे जुनी यादी लोकांची उत्सुकता मोजत असे आणि आजची यादी त्यांची सवय मोजते, असे मला वाटते. डिसेंबर आला की मराया केरीचे १९९४ चे नाताळगीत पुन्हा वर चढते, तेही याच हिशेबाने.

शिवाय नेदरलँड्समध्ये यादी एकच नाही. ‘टॉप ४०’ मध्ये रेडिओवर गाणे किती वाजते याला वजन आहे, तर ‘सिंगल टॉप १००’ विक्री आणि स्ट्रीमिंग यांवर चालते. त्यामुळे एकाच आठवड्यात दोन वेगवेगळी गाणी पहिली असू शकतात. एका मैदानात दोन गदा दिल्यासारखा हा प्रकार आमच्या कुस्तीप्रेमी गावाला पटणार नाही.

मला मात्र सर्वांत रंजक वाटला तो ‘टॉप ४०’ चा जन्म. ही यादी २ जानेवारी १९६५ रोजी रेडिओ वेरोनिकाने सुरू केली, आणि हे केंद्र डच किनाऱ्यापलीकडे, देशाच्या कायद्याचा हात पोहोचणार नाही अशा समुद्रात नांगरलेल्या जहाजावरून प्रसारण करत होते. पहिल्याच यादीत बीटल्सचे ‘आय फील फाइन’ अव्वल होते. पुढे कायदा कडक झाला आणि ३१ ऑगस्ट १९७४ रोजी जहाजावरचे प्रसारण थांबले. यादी मात्र चालूच राहिली.

हे वाचताना मला सिलोन आठवले नसते तरच नवल. १९५२ साली, बाळकृष्ण केसकर मंत्री असताना, आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, आणि त्याच वर्षी समुद्रापलीकडच्या रेडिओ सिलोनवरून अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. सरकारी रेडिओ जे द्यायला नाखूश होता, ते दोन्ही देशांतल्या श्रोत्यांनी पाण्यापलीकडून मिळवले, आणि ‘यंदाचे पहिले गाणे कोणते’ हा प्रश्नही घराघरांत तिथूनच आला.

पहिला क्रमांक म्हणजे मोठेपण, असे मात्र नाही. हेगच्या शॉकिंग ब्लू या चमूचे ‘व्हीनस’ १९७० च्या फेब्रुवारीत अमेरिकेत पहिले आले, पण घरच्या ‘टॉप ४०’ मध्ये ते तिसऱ्या क्रमांकापुढे गेले नाही. मारिस्का वेरेसचा तो ठणठणीत आवाज ऐकल्यावर डच श्रोत्यांचा मला थोडा रागच येतो. उलट २०१५ चे केनी बी यांचे ‘पारेस’ डच भाषेतच आहे, शब्द कळत नाहीत, तरी तिथे ते पहिले का आले हे चाल ऐकताच उमजते.

घरी परतल्यावर काकांनी शाहूपुरीतल्या जुन्या घरातून आणलेली आपली वही काढली. दर बुधवारी गीतमाला ऐकताना त्यांनी प्रत्येक पायदान, म्हणजे गाण्याचा क्रमांक, पेन्सिलीने उतरवलेले आहे, आणि जिथे निकाल पटला नाही तिथे समासात, त्यांच्या मते जे पहिले यायला हवे होते, ते गाणे शाईने लिहिलेले आहे.