पाटणादेवी–कन्हेरगड–पितळखोरे: एका दिवसात जोडलं

कन्हेरगड आणि पितळखोऱ्याची लेणी एकाच दिवसात पायी करायची, हे या मोसमाचं उद्दिष्ट होतं. झालं एकदाचं. आपल्या खानदेशाला समुद्र नाही, पण एका हाताला कातळ आणि दुसऱ्या हाताला मोकळी दरी ठेवून दिवसभर चालायची हौस असेल, तर सातमाळा डोंगररांगेची ही कडा मन भरून टाकते. पावसाळा सरता सरता तर तिला तोडच नाही.

चाळीसगावहून पाटणादेवी साधारण १८ किलोमीटर. हे सगळं गौताळा अभयारण्य, त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर नोंद केली आणि उजाडताच गडाला लागलो. नागार्जुन कोठी आणि सीतेची न्हाणी ही लेणी वाटेतच लागतात. तिथून वर कातळात खोदलेल्या पायऱ्या, काही पार झिजलेल्या. चढ दमवतो, पण फसवत नाही. परीक्षा उतारावर होते. बारीक मुरमाचा घसारा, वर वाळत चाललेलं गवत. टाच टेकली की पाय सुटलाच. पाऊल आडवं टाकायचं, काठी आधी खाली रोवायची, मगच भार द्यायचा. पावसाळाभर केलेला जिने उतरण्याचा सराव इथे कामी आला, मांड्या शेवटपर्यंत थरथरल्या नाहीत. माझ्या लेखी आजची खरी प्रगती हीच.

खाली कळण्याची भाकर आणि ठेचा खाऊन दरीत शिरलो. गुरं चारणाऱ्या एका आबांनी आधीच बजावलं, "दगड निसरडा शेतस, भाऊ." खरंच होतं. सावलीतल्या गोट्यांवर शेवाळ्याचा हिरवा थर, बोटाने दाबला तर दिसेल एवढा पातळ. इथे घड्याळाकडे बघूच नये. सपाटीवरच्या वेगाचा हिशेब या दरीत चालत नाही.

आणि मग पितळखोरे. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकापासूनची ही लेणी. चार नंबरच्या विहाराच्या जोत्यावर नऊ हत्ती ओळीने उभे आहेत, दाराशी द्वारपाल. जवळच पाच फण्यांचा नाग आहे. डोंगरावरचं पाणी कातळातल्या पन्हळीतून आणून त्याच्या फण्यांतून बाहेर काढायची योजना होती. त्या फण्यांची भोकं मी कितीतरी वेळ बघत बसलो. इथे सापडलेल्या यक्षाच्या तळहातावर तो घडवणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराचा लेख आहे. मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असते. लेण्यांच्या दानलेखांत पैठणच्या माणसांची नावं येतात. पैठणहून खानदेशात उतरणाऱ्या व्यापारी वाटेवरची ही जागा, हे पायी आल्यावर जसं पटतं तसं गाडीतून वरच्या अंगाने येऊन पटत नाही.

वेळ काढून पाटणादेवीजवळच्या पाटणचा शिलालेखही बघावा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला दिलेल्या दानाचा हा लेख, शके ११२८ चा. त्याचा शेवटचा भाग चक्क मराठीत आहे.

पाणी माणशी चार लिटर लागलं, त्यात काही उरलं नाही. मार्चनंतर हा बेत कुणी करूच नये, कातळ तापतो आणि झरे आटतात. पुढच्या वेळी उलटं करायचं ठरवलंय: पितळखोरे आधी, आणि थकल्या पायांनी गड.