नव्वद का वाढत नाही: बार्बरा पार्टी यांचं अर्थविज्ञान

तापमान नव्वद आहे. तापमान वाढतंय. म्हणून नव्वद वाढतंय.

पहिली दोन वाक्यं मान्य केली तरी तिसरं कुणी मान्य करणार नाही. पण ‘आहे’चा अर्थ गणितातलं ‘बरोबर’ असा धरला, तर शाळेतल्या बीजगणितानं तिसरं वाक्य निघायलाच हवं. हे कोडं अमेरिकन भाषावैज्ञानिक बार्बरा पार्टी यांचं; वाक्यांचे अर्थ कसे घडतात हे पाहणारं अर्थविज्ञान हा त्यांचा विषय. तर्कशास्त्रज्ञ रिचर्ड माँटेग्यूनं ते इंग्रजीतल्या ‘प्रत्येक’, ‘एक’ अशा संख्यापकांवरच्या आपल्या प्रसिद्ध लेखात सोडवलं. तो लेख त्याच्या मृत्यूनंतर, १९७३ मध्ये छापून आला. त्याचं उत्तर असं: ‘तापमान’ हे कुठल्या एका आकड्याचं नाव नव्हे, ते फलन आहे. त्याला क्षण द्या, ते त्या क्षणाचा आकडा देतं. ‘नव्वद आहे’ म्हणताना फक्त आत्ताचा आकडा तपासला जातो, तर ‘वाढतंय’ला अख्खं फलन लागतं, कारण एका क्षणाच्या आकड्याला वाढ नसते आणि घटही नसते. दोन क्रियापदं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात, म्हणून मधली अदलाबदल चालत नाही.

पार्टीबाईंच्या कामाची रीत या तीन वाक्यांत दिसते. सिद्धांत कितीही डौलदार असो, त्या दोन-चार साधी वाक्यं पुढे ठेवतात आणि तो नेमका कुठे अडतो ते दाखवतात. मला त्यांच्या सूत्रांपेक्षा उदाहरणांचं मोल जास्त वाटतं. त्यांची सूत्रं पुढच्यांनी बदलली, उदाहरणं मात्र आजही वर्गात जशीच्या तशी फळ्यावर येतात.

जन्म १९४० चा, न्यू जर्सीतल्या एंगलवुडचा. स्वार्थमोर कॉलेजात गणित शिकून १९६१ मध्ये त्या एमआयटीत गेल्या. भाषाविज्ञानाच्या पीएचडीची तिथली ती पहिलीच तुकडी. भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्कींच्या हाताखाली १९६५ मध्ये प्रबंध पुरा झाला आणि लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात नोकरी लागली. माँटेग्यू तिथेच तत्त्वज्ञान विभागात होता. तर्कशास्त्राची कृत्रिम भाषा आणि माणसांची भाषा यांत तात्त्विक फरक काहीच नाही, असं तो ठासून सांगे. १९७१ च्या मार्चमध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याचा खून झाला. त्याचे शेवटचे लेख इतके आटीव आहेत की भाषावैज्ञानिकांनी ते स्वतःहून उलगडले असते असं वाटत नाही. ते काम पार्टीबाईंनी केलं.

अडचण कुठे होती ते एका वाक्यावर पाहू: ‘प्रत्येक उमेदवाराला जिंकायचं आहे.’ चॉम्स्कींच्या तेव्हाच्या रूपांतरणी व्याकरणात, म्हणजे मूळ वाक्यं बदलून बोलतो ती वाक्यं घडवणाऱ्या व्याकरणात, याच्या मुळाशी दोन वाक्यं मानत. बाहेरच्या वाक्याचा कर्ता ‘प्रत्येक उमेदवार’ आणि आतल्याचाही कर्ता ‘प्रत्येक उमेदवार’. दोन्ही सारखे म्हणून आतला गाळायचा. कर्त्याच्या जागी ‘सुमन’ असेल तर हे खपून जातं. ‘प्रत्येक’ आला की घोटाळा होतो, कारण मूळ वाक्याचा अर्थ होतो: प्रत्येकाला असं हवंय की सगळेच जिंकावेत. एकच जागा असलेल्या मतदारसंघात असा उमेदवार सापडणं कठीण. रूपांतरणानं अर्थ बदलत नाही, हे तर तेव्हाचं गृहीत होतं.

पार्टीबाईंची दुरुस्ती पायरीपायरीनं जाते. आधी क्रमांक घातलेलं सर्वनाम घेऊन आतलं वाक्य बांधायचं: ‘तो-१ जिंकतो’. मग ते सर्वनाम गाळायचं आणि त्याच वेळी अर्थाच्या बाजूला लॅम्डा या तर्कशास्त्रातल्या चिन्हानं ती जागा बांधून टाकायची. वाक्याचा असा गुणधर्म होतो: ‘जिंकणारा असणं’. हा गुणधर्म ‘हवं असणं’ला जोडायचा; त्यातून ‘स्वतः जिंकायची इच्छा असणं’ हा मोठा गुणधर्म मिळतो. ‘प्रत्येक उमेदवार’ सगळ्यात शेवटी, बाहेरून लावायचा. शिकताना चुका दोन ठिकाणी होतात. लॅम्डा विसरला तर ‘तो-१’ मोकळा राहतो आणि कुणाही तिऱ्हाइताला चिकटतो. ‘प्रत्येक उमेदवार’ पहिल्याच पायरीला घातला तर पुन्हा ‘सगळेच जिंकावेत’ हाच अर्थ पदरात पडतो. गाळायचं ते चल सर्वनाम, ‘प्रत्येक उमेदवार’ असा अख्खा नामपदबंध (नामाभोवतीचा शब्दगट) नव्हे, हा त्यातला कळीचा मुद्दा. चॉम्स्कींचं व्याकरण आणि माँटेग्यूचं तर्कशास्त्र यांचा सांधा इथे जुळला.

१९७२ मध्ये त्या ॲमहर्स्टला, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात गेल्या आणि २००४ मध्ये तिथूनच निवृत्त झाल्या. मधल्या काळात ॲमहर्स्ट हे अर्थविज्ञानाचं माहेरघर झालं. आयरीन हाइम आणि जेनारो किएर्किया हे अर्थवैज्ञानिक त्यांचेच विद्यार्थी.

पार्टीबाईंचा १९७३ चा, व्याकरणातल्या काळांवरचा लेख छोटा आहे, पण कुणी विचारलं तर मी आधी तोच वाचायला सांगेन. तुम्ही घरातून निघालात, अर्ध्या वाटेत आठवलं: ‘मी गॅस बंद केला नाही!’ काळ म्हणजे ‘भूतकाळात एखादा क्षण असा होता की’ असं मानणारं तर्कशास्त्र इथे दोन्हीकडून फसतं. ‘बंद केला असा एकही क्षण गतकाळात नाही’ हा अर्थ खोटा, कारण कालपरवा तुम्ही तो बंद केलाच होता. ‘बंद केला नाही असा एखादा क्षण होता’ हा अर्थ खरा, पण इतका उघड खरा की त्यासाठी कुणी रिक्षा मागे वळवणार नाही. वाक्य बोलतं ते एका ठरावीक वेळेबद्दल, निघतानाच्या. ‘तो’ किंवा ‘ती’ जसं समोरच्या माणसाकडे बोट दाखवतं, तसा भूतकाळ त्या वेळेकडे बोट दाखवतो.

सर्वनामांवरचं त्यांचं गोट्यांचं उदाहरणही असंच. ‘दहा गोट्या पडल्या. एक सोडून सगळ्या सापडल्या. ती सोफ्याखाली असेल.’ हे ठीक आहे. आता ‘दहा गोट्या पडल्या. नऊ सापडल्या. ती सोफ्याखाली असेल’ म्हणून पाहा, ‘ती’ अडखळते. गणित दोन्हीकडे तेच, एक गोटी कमी. मग फरक पडतो तो खरेखोटेपणात नाही, आधीच्या वाक्यानं ऐकणाऱ्यापुढे काय आणून ठेवलं त्यात. मराठीत हे तपासताना ‘ती’ मुद्दाम उच्चारा. आपण कर्ता सर्रास गाळतो, आणि गाळला की ऐकणारा मनातल्या मनात ‘उरलेली’ भरून घेतो. मग परीक्षा फुकट जाते. हाइम यांचा १९८२ चा प्रबंध याच वाटेवरचा.

पार्टीबाईंच्या १९८७ च्या लेखात नामपदबंधांचे तीन प्रकार येतात. ‘सुमन’ म्हणजे एक व्यक्ती. ‘सुमन डॉक्टर आहे’ यातलं ‘डॉक्टर’ म्हणजे गुणधर्म. ‘प्रत्येक डॉक्टर’ म्हणजे गुणधर्मांचा संच: सगळ्या डॉक्टरांत असलेले जे जे गुणधर्म, त्यांचा. माँटेग्यूनं सगळ्यांना सरसकट तिसऱ्या प्रकारात बसवलं होतं. पार्टीबाईंचं म्हणणं, शब्दाला साधा प्रकार द्या आणि गरज पडेल तिथेच तो बदला. ‘सुमनला आणि प्रत्येक डॉक्टरला पत्र गेलं’ यात ‘आणि’ला दोन्ही बाजूंना एकच प्रकार लागतो, म्हणून तेवढ्यापुरतं ‘सुमन’ला वर चढवायचं: सुमनचे जे जे गुणधर्म, त्यांचा संच.

इंग्रजीत गुणधर्मातून व्यक्तीकडे जायचं काम उपपदं, म्हणजे ‘अ’, ‘द’ असे शब्द, करतात. मराठी-हिंदीत उपपद नाही, मग हा बदल कोण करतं? किएर्किया यांनी, आणि हिंदीच्या अभ्यासातून विनीता दयाल यांनी, या प्रश्नाचा पाठपुरावा केला. उपपद नसलं म्हणजे नाम वाटेल तसं घेता येतं, असं नाही. ‘चहूकडे मुलं खेळत होती’ सहज म्हणता येतं. ‘चहूकडे मूल खेळत होतं’ म्हटलं की एकच मूल एकाच वेळी सगळीकडे आहे असा विचित्र अर्थ होतो. ‘एक’ लावल्याशिवाय एकवचनी नाम खऱ्या अर्थानं अनिश्चित होत नाही, असं दयाल यांचं हिंदीबद्दल म्हणणं आहे, आणि मराठी कानालाही ते पटतं.

उत्तरायुष्यात पार्टीबाई दरवर्षी काही महिने मॉस्कोत शिकवू लागल्या. तिथे पती व्लादिमिर बोर्श्चेव यांच्याबरोबर त्यांनी रशियनमधली नकाराची षष्ठी, म्हणजे नकारार्थी वाक्यात नामाला लागणारी षष्ठी विभक्ती, हाती घेतली. ‘बाबा समुद्रावर नव्हते’ हे रशियनमध्ये दोन तऱ्हांनी म्हणता येतं. ‘बाबा’ प्रथमेत आणि क्रियापद पुल्लिंगी असेल, तर बाबा समुद्रावर गेलेलेच नाहीत असा सूर निघतो. ‘बाबा’ षष्ठीत आणि क्रियापद नपुंसकलिंगी असेल, तर लक्ष समुद्रावर असतं. तिथे पाहिलं तर बाबा नव्हते. वाक्यातला नवा भाग तेवढा षष्ठीत जातो, ही जुनी उपपत्ती. त्यांनी त्यापुढे केफिर, म्हणजे आंबवलेलं दूध, ठेवलं: ‘मी केफिर शोधत होतो. केफिर दुकानात नव्हतं.’ इथे केफिरचा विषय आधीच निघालेला, म्हणजे ते नवं नाही, तरी दुसऱ्या वाक्यात ते षष्ठीतच येतं. मग त्यांनी मांडलं की वस्तूकडून जागेकडे पाहायचं की जागेकडून वस्तूकडे, यावर विभक्ती ठरते. पुढच्या लेखांत हाताशी घेतलेली दुसरी कल्पना अशी, की षष्ठीतलं नाम व्यक्ती म्हणून न घेता गुणधर्म म्हणून घ्यावं. केफिरला ती सहज लागू पडते. ‘बाबा’ हे मात्र एका ठरावीक माणसाचं नाव, त्याचा गुणधर्म कसा करायचा, इथे ती अडते.