गरम बॉनेट

रविवार, रात्री

उपासना सुटल्यावर आवारात नव्या गाडीसाठी प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी बॉनेटवर हात ठेवला आणि चटकन उचलला. मे महिन्याचं ऊन, पत्रा नुसता तापलेला. मग हात बोटभर अधांतरी धरूनच प्रार्थना पार पडली. मला हसू आलं, आणि नेमक्या तेव्हाच गाडीवाल्या बाई वळून म्हणाल्या, "देवानं फार आशीर्वादित केलंय हो आम्हाला. तुमचंही होईल. प्रार्थना करत राहा."

तुमचंही होईल. म्हणजे अजून झालेलं नाही. त्यांना दिसतं, मला दिसतं, देवालाही दिसत असणारच. पेढा घेतला, 'जय ख्रिस्त' म्हटलं आणि रिक्षा शोधत निघाले.

दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, मीही देवाला देते. उपवास-प्रार्थना चुकवत नाही. तरी काम गेलं ते गेलंच. आईच्या रिपोर्टचं तर अजून दादालाही... असो.

जेवणं झाल्यावर शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं. मत्तयाचं शुभवर्तमान, अध्याय 5. जे आत्म्याने दीन ते धन्य. शोक करणारे धन्य, छळ सोसणारे धन्य. नऊ वेळा 'धन्य', आणि गाडीवाला एकही नाही. सौम्यांना पृथ्वीचं वतन आहे म्हणा, पण सातबारा अजून कुणाच्या हाती पडलेला नाही. लूकच्या शुभवर्तमानात तर 'आत्म्याने' हा शब्दसुद्धा नाही, नुसते दीन. हे वाचून बरं वाटलं. खोटं कशाला, बाईंना वाचून दाखवावंसं वाटलं.

पण मग उत्पत्ती 24. अब्राहामाचा चाकर सांगतो, परमेश्वरानं माझ्या धन्याला आशीर्वाद दिला: मेंढरं, गुरं, सोनं, रुपं, उंट, गाढवं. म्हणजे बाईही चुकलेल्या नाहीत. उंटांच्या जागी गाडी, एवढंच.

तुमचंही होईल. अजून कानात आहे.

अब्राहामाचा नातू याकोब, त्याच्याकडेही गुरंढोरं, बायका, अकरा मुलं, सगळं होतं. तरी यब्बोक नदीच्या उतारावर रात्रभर देवाशी झोंबत राहिला, आशीर्वाद दे, त्याशिवाय सोडत नाही म्हणून. मिळाला. आणि सकाळी लंगडत निघाला! त्या हिशेबानं माझा उजवा गुडघा दिवाळीपासून आशीर्वादित आहे.

इतक्यात करपल्याचा वास आला. दूध सगळं ओट्यावर. आई उठून दारात उभी, पदर नाकाला.

"धन्य आहेस गं बाई!"

तिला म्हटलं, आमेन. ती का हसली, ते काही कळलं नाही. फडकं मात्र तिनंच आणून दिलं.